पेरूचा वास आणि हिंगोलीचा उन्हाळा

फळांच्या वासाची आयपीए ही बिअर पुण्यात कितीही कौतुकाची ठरली असली, तरी तिच्याबद्दलचे एकही परीक्षण हिंगोलीत जसेच्या तसे लागू पडत नाही. दोष जिभेचा नाही आणि हिंगोलीच्या माणसाच्या रसिकतेचाही नाही. अशा परीक्षणात वास लिहिलेला असतो, रंग लिहिलेला असतो, पाचापैकी गुण दिलेले असतात. ती बिअर किती दिवसांची होती, कुठे ठेवलेली होती आणि किती अंश तापमानावर ओतली, हे मात्र बहुतेक वेळा नसते. या तीन गोष्टी गाळल्या तर बाकीचे वर्णन ऐकीव माहितीच्या लायकीचे उरते. फळांच्या वासाची आयपीए ही दारूच्या दुकानात मिळत असली तरी स्वभावाने नाशवंत माल आहे. व्हिस्कीच्या बाटलीला लावायचा हिशेब तिला लावला की परीक्षण चुकतेच. हिंगोलीसारख्या जिल्ह्यातून पाहिले तर हे जास्त स्पष्ट दिसते, कारण इथे त्या चुकीची किंमत पूर्ण मोजावी लागते.

आधी त्या फळाचा उगम पाहू. पेरू, आंबा, मोसंबीची साल, पिकलेली पपई असे वास ज्या ग्लासातून येतात, त्यात बहुतेकदा फळाचा एक थेंबही नसतो. वास येतो हॉप्समधून. हॉप हा गांजाच्या कुळातला वेल, आणि त्याच्या मादी फुलोऱ्यात पिवळी चिकट भुकटी असते. तिच्यातली आम्ले उकळल्यावर कडू होतात आणि तिच्यातली तेले उकळीत उडून जातात. म्हणून वास हवा असेल तर हॉप्स उकळी थांबल्यावर किंवा आंबवण झाल्यानंतर थंड बिअरमध्ये भिजत घालतात. या तेलांत मर्सिन असते, जे आंब्यातही सापडते. गंधकयुक्त अशी काही संयुगेही असतात, त्यांना थायॉल म्हणतात. त्यातले तीन-मर्कॅप्टोहेक्झॅनॉल हे ग्रेपफ्रूटमध्ये आणि पेरूत आढळते. म्हणजे बिअरला पेरूचा वास येतो म्हणणारा माणूस कविता करत नसतो. पेरूत जो रेणू आहे तोच ग्लासात आहे, आणि लिटरमागे ग्रॅमचे काही अब्जांश एवढाच असला तरी नाकाला कळतो. याच कुटुंबातला दुसरा एक रेणू थोडा असेल तर जांभळा-करवंदाच्या दिशेने जातो आणि प्रमाण वाढले की मांजराच्या मुताची आठवण करून देतो. जाहिरातीत अर्थात जांभूळच येते. यीस्टचाही यात हात असतो, कारण आंबवण चालू असताना ते हॉप्समधल्या गुलाबी वासाच्या जिरॅनिऑलचे रूपांतर लिंबासारख्या वासाच्या सिट्रोनेलॉलमध्ये करते. शेतातली फुले, कामगाराची वेळेची जाण आणि एकपेशीय बुरशी या तिघांच्या मेळातून हे फळ घडते, आणि घडल्या क्षणापासून ते विरायला लागते.

इथे पहिला आक्षेप येतो आणि तो वजनदार आहे. आयपीए म्हणजे इंडिया पेल एल. ही बिअर हिंदुस्थानच्या उन्हासाठी आणि लांबच्या प्रवासासाठीच बनली, मग ती हिंगोलीत टिकत नाही हे म्हणणे कसे खरे? हा इतिहास हिंगोलीला परका नाही. हिंगोली ही हैदराबाद कंटिंजंटची छावणी होती. निजामाच्या खर्चाने, इंग्रज अधिकाऱ्यांच्या हाताखाली चालणारी ही फौज. तिच्या खर्चापोटी १८५३ साली वऱ्हाड इंग्रजांकडे गेला आणि १९०३ साली ती हिंदुस्थानी लष्करात विलीन झाली. औरंगाबाद, जालना, मोमिनाबाद, एलिचपूर यांच्याच मालिकेतले हे ठाणे. त्या काळात छावण्यांमधल्या अधिकाऱ्यांच्या भोजनगृहांत इंग्लंडहून आलेली पेल एल हे नेहमीचे पेय होते. लंडनमधल्या बो इथल्या हॉजसनच्या भट्टीने अठराव्या शतकाच्या अखेरीपासून ईस्ट इंडिया कंपनीच्या जहाजांच्या कप्तानांना ती उधारीवर दिली. पुढे १८२० नंतर बर्टन गावच्या ऑलसॉप आणि बास यांनी तो बाजार हिसकावला. ऑलसॉपच्या माणसाने पहिला नमुना चहाच्या किटलीत उकळून पाहिला, अशी आख्यायिका त्या धंद्यात अजून सांगतात.

पण ही बिअर फळांच्या वासाची नव्हती. पिंपे केप ऑफ गुड होपला वळसा घालून, दोनदा विषुववृत्त ओलांडून चार-सहा महिन्यांनी मुंबईला लागत. तिथून पुढे रेल्वे येईपर्यंत बैलगाडीचा प्रवास. हॉप्स भरपूर असत ते बिअर नासू नये म्हणून, कारण हॉप्समधली कडू आम्ले आंबट करणाऱ्या जिवाणूंना वाढू देत नाहीत. त्या प्रवासात ताज्या हॉप्सचा वास निघून जाई, लाकडी पिंपातले रानटी यीस्ट उरलीसुरली साखर खाऊन टाकी आणि हाती येई ती कोरडी, कडू, फेसाळ, मुरलेली बिअर. मुरणे हाच तिचा गुण होता. आज पुण्याच्या नळातून जी आयपीए ओतली जाते तिच्याशी या जुन्या पेयाचे नाते नावापुरते आहे. तिचा खरा वंश अमेरिकन आहे. १९७२ साली ओरेगॉनमधून कॅस्केड हा संत्र्या-ग्रेपफ्रूटच्या वासाचा हॉप लागवडीसाठी खुला झाला, १९८० साली सिएरा नेवाडाने तो घरोघरी नेला, मग सिट्रा, मोझॅक, ऑस्ट्रेलियाचा गॅलेक्सी असे एकाहून एक फळाळ वाण आले. एकविसाव्या शतकात व्हर्मॉंटमध्ये गढूळ, रसाळ आयपीए जन्मली, जिच्यात कडूपणा जवळजवळ नावालाच उरला. एका नावाखाली दोन पेये आहेत, पहिले म्हातारे होण्यासाठी बनले आणि दुसरे तरुणपणीच पिण्यासाठी. जुन्याच्या कीर्तीवर नव्याची बाटली दूरवर पाठवणे ही व्यापाऱ्यांची चूक आहे आणि परीक्षक ती निमूटपणे पुढे चालवतात.

बिअर कशी म्हातारी होते याबद्दल धंद्यात एक ढोबळ नियम वापरतात. बत्तीस अंश सेल्सियसला ३ दिवसांत, बावीस अंशांना ३० दिवसांत आणि सुमारे साडेतीन अंशांना ३०० दिवसांत बिअरची साधारण सारखीच खराबी होते. हा काही भौतिकशास्त्राचा सिद्धांत नाही, पण दिशा बरोबर दाखवतो. आता पुण्याहून निघालेली पेटी सुमारे साडेचारशे किलोमीटरवर हिंगोलीत येते असे धरा. मे महिन्यात पारा बेचाळीसच्या पुढे असतो, ट्रकचा हौद त्याहून तापलेला, मध्ये गोदाम, मग बिअर शॉपीचा मागचा कप्पा. शॉपीतला फ्रिज बहुधा काचेचा, वरून दिवा असलेला, आणि त्यात जागा असते ती खपणाऱ्या मालाला. हळू खपणारी आयपीए बाहेर उभी राहते आणि गिऱ्हाईक आल्यावर अर्धा तास आत जाते. थंड करणे म्हणजे ताजे ठेवणे नव्हे, हे इथे विसरले जाते. उष्णतेत थायॉल संयुगे प्राणवायूशी जुळून निष्प्रभ होतात, तेले बुचाच्या अस्तरात शोषली जातात, आणि त्यांच्या जागी ओल्या पुठ्ठ्याचा वास व जुन्या मधासारखा गोडसरपणा येतो. रसाळ आयपीएचा उजळ पिवळा रंग मळकट तपकिरी होतो. तिच्यात गहू-ओट्सची प्रथिने आणि भिजवलेल्या हॉप्सचे अंश जास्त असल्याने साध्या लागर बिअरपेक्षा ती आधी पडते. बाटलीवरची सहा महिन्यांची मुदत ही पिण्याजोगे असण्याची मुदत आहे. पेरूची मुदत त्यात कुठेच लिहिलेली नसते. हुरड्याचे कणीस कोवळे असतानाच भाजायचे असते हे ज्या भागात कोणाला शिकवावे लागत नाही, तिथे हा मुद्दा समजावून सांगण्याची वेळ यावी हे जरा विचित्रच आहे.

या पार्श्वभूमीवर हिंगोलीतला गिऱ्हाईक स्ट्राँग लागर मागतो, यात मला अडाणीपणा दिसत नाही. भारतात विकल्या जाणाऱ्या बिअरमध्ये स्ट्राँगचा वाटा प्रचंड मोठा आहे आणि त्याचे कारण नुसती नशा नव्हे. महाराष्ट्रात बिअरवरचे उत्पादन शुल्क निर्मिती खर्चाच्या टक्केवारीत आकारले जाते आणि पाच टक्क्यांहून जास्त मद्यार्क असला की दर चढतो. आयातीचे महाग हॉप्स चौपट घातले की खर्च वाढतो, त्या वाढलेल्या खर्चावर कराची टक्केवारी बसते, आणि सहा-सात टक्के मद्यार्क असल्याने आयपीए वरच्या दरात जाते. म्हणजे बिअरमध्ये जे चांगले आहे त्यावरच कराचा सर्वांत मोठा भार पडतो. लागरमध्ये हॉप्स थोडे, तांदूळ किंवा मक्याचा भाग, उष्णतेत जाण्यासारखा वासच कमी. ती चार अंशांना प्यायची असते, आणि त्या तापमानाला जिभेला फारसे काही कळतही नाही. खराब झालेली लागर आणि चांगली लागर यांतले अंतर लहान आहे, खराब झालेली आयपीए आणि चांगली आयपीए यांतले अंतर फार मोठे. पैसे मोजून जोखीम कोण घेईल?

यावर कोणी म्हणेल की चव ही ज्याची त्याची गोष्ट आहे, एवढा काथ्याकूट कशाला. अर्धे खरे आहे. थायॉल ओळखण्याची क्षमता माणसामाणसात पुष्कळ वेगळी असते. ज्याला एका ग्लासात पेरू सापडतो त्याच ग्लासात शेजाऱ्याला कांदा-लसूण सापडतो, आणि दोघेही प्रामाणिक असतात. पण आवड व्यक्तिगत असली म्हणून दोष व्यक्तिगत ठरत नाही. ओल्या पुठ्ठ्याचा वास कोणाच्या आवडीचा भाग नाही, लोण्यासारखा वास आंबवण अर्धवट झाल्याचा पुरावा आहे, आणि घशाला चरचरणारा तुरटपणा हॉप्सचा चोथा नीट खाली न बसल्याचा. बिअर कशी पाहावी याची पद्धतही त्यामुळे ठरून जाते. आधी तारीख. मग आठ-दहा अंशांवर येऊ द्यायची, कारण बर्फगार पेयातून तेले उडत नाहीत. काचेच्या ग्लासात ओतायची, बाटलीतून पिणाऱ्याला अर्धी आयपीए मिळतच नाही. पहिला वास लगेच घ्यायचा आणि दुसरा पाच मिनिटांनी. चांगल्या बिअरमध्ये पाच मिनिटांनी फळ खुलते, आणि सुगंधी अर्क घातलेल्या बिअरमध्ये पहिलाच वास सरबताच्या पावडरीसारखा आदळतो व मागे काही उरत नाही. घोट घेतल्यावर गोडवा, मग फळ, मग कडूपणा हा क्रम असावा, आणि कडूपणाने शेवटी जीभ पुसून घ्यावी. नुसता गोड शेवट असलेली फळाळ आयपीए अर्धवट बनलेली असते, असे माझे मत आहे आणि ते मी मागे घेणार नाही.

मग हॉप्सच्या परदेशी फळाऐवजी इथले फळच का घालू नये, हा प्रश्न उरतो. मराठवाड्याकडे केशर आंबा आहे, जालन्याची मोसंबी आहे, बीडचे सीताफळ आहे, तिघांनाही २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळाले. पण गर घातला की यीस्ट त्यातली साखर खाऊन टाकते, आणि आंब्यात आपण ज्याला आंबा म्हणतो त्यातला बराच भाग गोडव्याचा असतो. उरते ती आंबट, फिकट सावली. सीताफळाचा गर तापवला की कडवट आणि गुलाबीसर होतो, न तापवता घालावा तर जंतूंची भीती. मोसंबीची साल बरी चालते, कारण तिच्यातली तेले हॉप्सच्या तेलांची सोयरी आहेत. हळदीचेही कोणीतरी करणारच. वसमतच्या हळदीला २०२४ साली मानांकन मिळाले आणि हिंगोली जिल्ह्याची ओळख आज त्या पिकाने आहे. मात्र हळदीचा मातकट कडूपणा हॉप्सच्या कडूपणावर चढतो, रंग पिंपाला बसतो आणि फळ मरते. वसमतच्या हळदीला दुधात, भाजीत आणि कपाळावर पुरेसे काम आहे, तिला आयपीएत ओढू नये.

ज्वारीचे प्रकरण मात्र गंभीरपणे घ्यावे असे आहे. आज महाराष्ट्रातल्या बहुतेक क्राफ्ट बिअरमध्ये स्थानिक म्हणावे ते पाणी आणि मजुरी. हॉप्स अमेरिका, जर्मनी, ऑस्ट्रेलियातून येतात. हिमाचलच्या लाहौल खोऱ्यात हॉप्सची लागवड झाली, पण ती मोठी झाली नाही, आणि हिंगोलीच्या अक्षांशावर उन्हाळ्याचा दिवस या वेलाला फुलायला हवा तेवढा लांब होत नाही. बार्ली उत्तरेची. ज्वारी तेवढी इथली. नायजेरियाने १९८८ साली बार्ली माल्टची आयात बंद केली तेव्हा तिथल्या मोठ्या भट्ट्यांनी ज्वारीवर बिअर करून दाखवली, म्हणजे अशक्य असे काही नाही. अडचणी खऱ्या आहेत. ज्वारीचे पिष्ट बार्लीपेक्षा जास्त तापमानाला शिजते, तिच्यातली साखर सोडवणारी विकरे कमी पडतात, आणि दाण्याला बार्लीसारखे फोलपट नसल्याने रस गाळताना लगदा बसतो. म्हणून पूर्ण ज्वारीची नव्हे, चौथाई-तिहाई ज्वारीची बिअर व्यवहार्य ठरते. तिचे अंग हलके आणि कोरडे असते, आणि हलक्या अंगावर फळाचा वास जास्त उठून दिसतो. ओट्सची जाड, दुधाळ आयपीए हे थंड देशाचे काम आहे. चाळीस अंशांच्या उन्हाला साडेचार टक्के मद्यार्काची, ज्वारी मिसळलेली, मोसंबीच्या दिशेने जाणारी कोरडी पेल एल जास्त शोभेल. ती सौम्य बिअरच्या करदरातही बसेल. पुण्यात २००९ साली डूलाली सुरू झाली, मग इंडिपेंडन्स, एफिंगट, ग्रेट स्टेट एलवर्क्स आणि मुंबईकडे गेटवे असे कसबी भट्टीवाले आले. त्यांच्याकडे कौशल्य आहे, शेजारच्या परभणीत ज्वारीवर वर्षानुवर्षे काम करणारे कृषी विद्यापीठ आहे. दोघांमध्ये फार तर ग्लासभर अंतर आहे.

ज्वारीपासून दारू म्हटले की महाराष्ट्राचे कान टवकारतात, आणि टवकारायलाच हवेत. २००७ साली सरकारने धान्यापासून मद्यार्क बनवणाऱ्या कारखान्यांना अनुदान देण्याचे धोरण आणले, पावसात काळी पडलेली ज्वारी शेतकऱ्याला भाव मिळवून देईल असे सांगितले, आणि त्यावर डॉ. अभय बंग यांच्यासारख्यांनी घेतलेले आक्षेप आजही खोटे ठरलेले नाहीत. पाण्याचा आक्षेपही तसाच आहे. एप्रिल २०१६ मध्ये लातूरला रेल्वेने पाणी जात होते, आणि त्याच महिन्यात उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने मराठवाड्यातल्या मद्य कारखान्यांच्या पाण्यात साठ टक्क्यांपर्यंत कपात करायला लावली. एक लिटर बिअरमागे भट्टीत चार-पाच लिटर पाणी जाते, हे लपवून स्थानिक बिअरचे गोडवे गाता येणार नाहीत. माझा मुद्दा अनुदानाचा नाही आणि नवे कारखाने उभारण्याचाही नाही. जी बिअर बनतेच आहे आणि लोक पितातच आहेत, तिच्यात दाणा कुठला आणि ती किती ताजी, एवढाच प्रश्न आहे.

त्याहून मोठा आक्षेप आरोग्याचा. जागतिक आरोग्य संघटनेने २०२३ साली स्पष्ट म्हटले की मद्याचे कोणतेही प्रमाण पूर्ण सुरक्षित नाही, आणि कर्करोगाला कारण ठरणाऱ्या पदार्थांच्या पहिल्या गटात मद्य आहेच. ज्या राज्यात गावातल्या निम्म्याहून अधिक महिला मतदारांनी आडव्या बाटलीला कौल दिला की दुकान बंद होते, त्या राज्यात बिअरच्या वासावर दोन हजार शब्द खर्च करणे काहींना चैन वाटेल. मला आडव्या बाटलीचा कौल पूर्ण मान्य आहे, आणि पेरूचा वास हे कोणाला प्यायला लावण्याचे कारण होऊ नये. तरीही चवीने पारखून पिणारा आणि चढण्यासाठी पिणारा यांच्यात फरक आहे. रुपयामागे मद्यार्क किती, या एकाच मापाने मोजणारा बाजार क्वार्टर आणि स्ट्राँगकडेच ढकलतो. जून २०२५ मध्ये मंत्रिमंडळाने भारतात बनणाऱ्या विदेशी मद्यावरचे शुल्क वाढवले आणि धान्यापासूनच्या स्वस्त ‘महाराष्ट्र मेड लिकर’चा नवा वर्ग काढला, बिअरला त्या वाढीतून वगळले. वगळताना कमी मद्यार्काच्या बिअरला आणखी सवलत मात्र दिली नाही. निर्मिती खर्चाऐवजी मद्यार्काच्या टक्क्यावर कर लावला असता तर साडेचार टक्क्यांची चांगली एल स्वस्त झाली असती आणि आठ टक्क्यांची महाग. आरोग्याची चिंता खरी असेल तर सुरुवात तिथून करता येते.

तोवर हिंगोली, वसमत, कळमनुरी, सेनगाव, औंढ्याच्या, कायद्याने ठरवलेले वय पूर्ण केलेल्या आणि प्यायचीच ठरवलेल्या वाचकासाठी निकाल साधा आहे. फळाळ आयपीए प्यायची असेल तर पुण्या-मुंबईला गेल्यावर, जिथे बनते तिथल्याच नळाची, महिन्याभरात बनलेली प्या. ती उत्तम असते, आणि तिच्यातला पेरू खरा असतो. गावातल्या शॉपीत ती दिसली तर बाटली फिरवून तारीख वाचा आणि पेटी उतरल्यापासून ती फ्रिजमध्येच होती का हे दुकानदाराला विचारा. तारीख दोन महिन्यांहून जुनी असेल किंवा उत्तर मिळाले नाही, तर पैसे परत खिशात ठेवा. मे महिन्यात हिंगोलीत साधी, सौम्य, थंड लागर हीच चांगली बिअर आहे.